ताइइकु : एका शब्दाची दीडशे वर्षे

जपानमधल्या शाळेत मुलांच्या शरीरासाठी जो तास राखून ठेवलेला असतो, त्याचे नाव आजवर तीनदा बदलले. १८७२ साली शिक्षणाची पहिली देशव्यापी योजना निघाली, तेव्हा तो तास ‘ताइजुत्सु’ होता. त्याचा अर्थ शरीराची कला. वर्षभरातच त्याचा ‘ताइसो’ झाला; आपल्या ‘कवायती’च्या जवळचा हा शब्द. हे नाव जवळजवळ सात दशके टिकले. १९४१ साली, देश महायुद्धाच्या उंबरठ्यावर असताना, त्याला ‘ताइरेन’ म्हणू लागले. युद्ध हरल्यावर १९४७ साली पाटी पुन्हा बदलली आणि तिथे ‘ताइइकु’ हा शब्द आला. आजही वेळापत्रकात तोच आहे.

चारही नावांत पहिले अक्षर एकच आहे. ‘ताइ’ म्हणजे शरीर. बदलत गेले ते त्याच्या पुढचे अक्षर. मुलाच्या शरीराकडून त्या त्या काळाला काय हवे होते, ते या दुसऱ्या अक्षरात जसेच्या तसे नोंदवले गेले आहे. म्हणून ‘ताइइकु’ या एका शब्दाचा माग काढला, तर आधुनिक जपानचा बराचसा इतिहास हाती लागतो.

शरीर जपण्याचा काळ

हा शब्द जन्माला येण्याआधी जपानी माणसाकडे शरीराविषयी बोलायला शब्द नव्हते असे नाही. सर्वांत मानाचा शब्द होता ‘योजो’, म्हणजे आयुष्य जोपासणे. काइबारा एकिकेन या विद्वानाने १७१३ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, ‘योजोकुन’ हे पुस्तक लिहिले. पोट थोडे रिकामे ठेवावे, क्रोध आवरावा, जेवल्यावर थोडे चालावे, झोपेचा लोभ धरू नये, असा त्यातला उपदेश. आपल्या आयुर्वेदातली दिनचर्या ज्याने वाचली आहे, त्याला हा सूर परका वाटणार नाही. एकिकेनच्या दृष्टीने शरीर ही आईबापांनी आणि निसर्गाने सोपवलेली ठेव होती. ठेव वाढवायची नसते, जपायची असते. ती दुसऱ्या कुणाच्या शरीराशी ताडून पाहण्याचा तर प्रश्नच येत नव्हता.

धडधाकट माणसाला लोक ‘जोबु’ म्हणत. हा शब्द चीनमधून आलेला. ‘जो’ हे लांबीचे माप आणि ‘बु’ म्हणजे पुरुष. जुन्या चिनी मापाने एक ‘जो’ उंचीचा तो खरा पुरुष. जपानमध्ये येता येता त्याचा अर्थ मजबूत, टिकाऊ असा झाला. त्यालाच ‘थोर’ या अर्थाचे ‘दाइ’ जोडून ‘दाइजोबु’ तयार झाला. आज जपानमध्ये कुणी ठेच लागून पडले, तर लोक धावत येऊन हाच शब्द विचारतात आणि पडलेला माणूसही याच शब्दाने ‘ठीक आहे’ म्हणून सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या जुन्या शब्दांशेजारी एक नवा शब्द येऊन बसला. देश परक्यांना बंद होता, पण नागासाकीच्या बंदरातून डच पुस्तके येत होती. ओसाकात ओगाता कोआन हे वैद्य डच वैद्यकाची शाळा चालवत. १८३८ साली सुरू झालेल्या या शाळेचे नाव ‘तेकिजुकु’. मांडी घालून बसायलाही जेमतेम जागा मिळावी, अशा खोलीत विद्यार्थी रात्र रात्र एकाच डच शब्दकोशाभोवती गोळा होत. १८४९ साली कोआन यांनी रोगशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात निरोगी अवस्थेसाठी त्यांनी ‘केन्को’ हा शब्द योजला. ताकानो चोएइ या दुसऱ्या डच-विद्वानानेही तो त्याआधी वापरला होता. ‘योजो’मध्ये माणूस आपल्या वागण्याने आयुष्य सांभाळत होता. ‘केन्को’मध्ये डॉक्टर शरीर उघडून, अवयव तपासून, ते व्यवस्थित चालले आहे की नाही ते सांगणार होता. शरीराविषयीचा निवाडा घरातून दवाखान्यात गेला, तो या शब्दाबरोबर.

कोआन यांच्या दोन विद्यार्थ्यांनी पुढे हा विचार देशभर नेला. फुकुझावा युकिची यांनी आपल्या लेखनातून ‘केन्को’ सामान्य वाचकांपर्यंत पोचवला. ते स्वतः रोज तलवार उपसण्याचा सराव करत आणि उखळात तांदूळ कांडत. मुलांचे शरीर आधी धडधाकट होऊ द्या, शिकवणे मागाहून पाहू, असे त्यांचे घरातले धोरण होते. दुसरे नागायो सेन्साइ. १८७५ साली गृहखात्यात सार्वजनिक आरोग्याचा विभाग उभा राहिला, तेव्हा त्याच्यासाठी त्यांनी च्वांगत्सच्या प्राचीन चिनी ग्रंथातून ‘एइसेइ’ हा शब्द शोधून काढला. नवे राज्य, नवी खाती आणि प्रत्येक खात्यासाठी नवा शब्द, असा तो काळ होता.

१८७६ : शब्दाचा जन्म

या नव्या राज्याने, म्हणजे मेइजी सरकारने, डिसेंबर १८७१मध्ये इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली एक मोठे शिष्टमंडळ अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर पाठवले. त्यात शिक्षणखात्याचे तानाका फुजिमारो होते. कारखाने, न्यायालये, तुरुंग, शाळा, सगळे पाहिले गेले. शाळांत त्यांना दिसले की तिकडे मुलांना पुस्तकाबरोबर मैदानही दिले जाते, आणि त्याला शिक्षणाचाच भाग मानतात. हर्बर्ट स्पेन्सरने १८६१ साली शिक्षणावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यात बुद्धीचे, नीतीचे आणि शरीराचे असे शिक्षणाचे तीन भाग केले होते. जपानी शिक्षणाधिकाऱ्यांना ही त्रयी फार भावली.

अडचण होती ती भाषेची. शरीराचे शिक्षण ही कल्पनाच जपानी कानांना नवी. तलवारबाजी, धनुर्विद्या, जुजुत्सु या विद्या होत्या. त्या सामुराईच्या होत्या आणि लढण्यासाठी होत्या. शेतकऱ्याच्या, कोष्ट्याच्या मुलाचे शरीर शाळेने वाढवावे, हे सांगणारा शब्द नव्हता. सुरुवातीचे अनुवादक ‘शरीरासंबंधीचे शिक्षण’ अशी लांबलचक रचना करून वेळ मारून नेत. मग मार्च १८७६मध्ये शिक्षणखात्याच्या नियतकालिकात जर्मन भाषेचे जाणकार अनुवादक कोन्दो चिन्झो यांचा एक लेख छापून आला. त्यात ती लांब रचना आटून दोन अक्षरांवर आली होती : ताइ-इकु. पुढे बुद्धीसाठी ‘चिइकु’ आणि नीतीसाठी ‘तोकुइकु’ हे शब्दही त्याच साच्यातून निघाले आणि स्पेन्सरची त्रयी जपानी भाषेत पुरी झाली.

या शब्दातले ‘इकु’ हे अक्षर नीट पाहण्यासारखे आहे. त्याच्या वरच्या भागात डोके खाली असलेले मूल आहे, म्हणजे आईच्या पोटातून बाहेर येणारे बाळ. खालच्या भागात मांसाची खूण आहे. नुकत्या जन्मलेल्या जिवाच्या अंगावर मांस धरेपर्यंत त्याला वाढवायचे, असा या अक्षराचा अर्थ. कोन्दोंनी ‘कला’ घेतली नाही, ‘कवायत’ घेतली नाही. संगोपनाचे अक्षर घेतले. शरीर ही शिकवायची नव्हे, वाढवायची गोष्ट आहे, हे त्या निवडीत आले.

शब्द आला, आता त्याला माणसे हवी होती. १८७६ साली तानाका फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनासाठी पुन्हा अमेरिकेत गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना रोज व्यायाम करताना पाहिले. त्याच कॉलेजचा पदवीधर, अठ्ठाविशीतला डॉक्टर जॉर्ज अ‍ॅडम्स लेलँड १८७८ साली तोक्योत दाखल झाला आणि व्यायामशिक्षक घडवणारी ‘ताइसो देन्शुजो’ ही सरकारी संस्था सुरू झाली. इसावा शुजी तिचे प्रमुख होते. लेलँडचे इंग्रजी बोलणे जपानीत उतरवायला त्सुबोइ गेन्दो हे दुभाषी दिले होते. लेलँडने लाकडी डंबेल्स, काठ्या, कड्या आणि मुद्गल घेऊन करायचे हलके व्यायाम शिकवले. हे मुद्गल मुळात हिंदुस्थानातल्या आखाड्यांचे. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते इथे पाहिले, विलायतेला नेले. तिथून ते अमेरिकेत गेले आणि अमेरिकी डॉक्टराच्या सामानातून जपानमध्ये उतरले. कुठल्याशा तालमीत फिरवली जाणारी जोडी अशी अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून तोक्योच्या शाळेत पोचली.

लेलँडने आणखी एक गोष्ट रुजवली, ती म्हणजे मोजमाप. विद्यार्थ्यांची उंची, वजन, छातीचा आणि दंडाचा घेर, फुप्फुसांत मावणारी हवा, सगळ्याची नोंद ठेवायची. हेतू चांगला होता. व्यायामाने मुलात काय फरक पडतो ते कळावे. पण संगोपनाच्या शब्दाशेजारी मोजपट्टी येऊन बसली ती तेव्हापासून, आणि पुढच्या सगळ्या इतिहासात या दोहोंची ओढाताण चालू राहिली. १८८१ साली लेलँड परतला. दुभाषी त्सुबोइ मात्र या विषयात असे रमले की त्यांनी आपले सारे आयुष्य त्याला दिले. १८८५ साली त्यांनी मैदानी खेळांवर पुस्तक काढले आणि मुलांना नुसती कवायत नको, खेळही हवा, हे लिहून ठेवले.

बंदूक आणि ज्युदो

शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांना मात्र वेगळे काही हवे होते. जपानी माणसात सर्वांत मोठी उणीव शरीराच्या बळाची आहे, हे त्यांनी १८७९च्या एका व्याख्यानातच मांडले होते. १८८५ साली ते मंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी शाळांत लष्करी पद्धतीची कवायत सक्तीची झाली. आज्ञाधारकपणा, एकजूट आणि रुबाब हे तीन गुण त्यांना तिच्यातून हवे होते. शिक्षक घडवणाऱ्या शाळांत मुले पाठीवर सामान आणि खांद्यावर बंदूक घेऊन लांबच्या कूचला निघू लागली. १८८९च्या फेब्रुवारीत, राज्यघटना जाहीर होण्याच्या दिवशीच, मोरींवर एका माथेफिरूने सुऱ्याने हल्ला केला आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यांनी सुरू केलेली कवायत मात्र पुढची पन्नासहून अधिक वर्षे शाळांतून हलली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात तोक्योत शिक्षणतज्ज्ञांच्या सभेपुढे एक तिशीही न गाठलेला प्राध्यापक बोलायला उभा राहिला. त्याचे नाव कानो जिगोरो. कोबेजवळच्या मिकागे गावात १८६० साली जन्मलेला हा मुलगा अंगाने किरकोळ होता. वसतिगृहातली दांडगी मुले त्याला छळत. म्हणून तो जुजुत्सु शिकायला गेला. १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या खोलीत त्याने स्वतःची शाळा काढली. तिचे नाव ‘कोदोकान’, आणि तिथल्या विद्येचे नाव ‘ज्युदो’. आता नव्या शिक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत त्याने ज्युदोची तीन अंगे मांडली : लढण्याची पद्धत, मन घडवण्याची पद्धत आणि ताइइकुची पद्धत. दोन माणसे एकमेकांना पाडत असतानाही एकमेकांची शरीरे वाढवत असतात, ही त्याची दृष्टी होती. परदेशातून आलेल्या शब्दाला कानोने देशी मातीत मूळ धरायला लावले.

कानो पुढे तोक्योच्या उच्च शिक्षक-शाळेचे प्राचार्य झाले आणि मधल्या खंडांसह सुमारे पाव शतक त्या पदावर राहिले. चीनमधून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी कोबुन गाकुइन ही शाळा चालवली. लू शुन हा पुढे चीनचा थोर लेखक ठरलेला तरुण तिथे शिकला. अशा विद्यार्थ्यांबरोबर, त्यांनी वाचलेल्या पुस्तकांबरोबर ‘ताइइकु’ची अक्षरे चीनला गेली आणि तिकडच्या उच्चारात ‘थियू’ झाली. कोरियात ती ‘चेयुक’ झाली. १९१७ साली ‘नवयुवक’ या चिनी मासिकात याच विषयावर टोपणनावाने एक निबंध छापून आला. लेखक तेवीस वर्षांचा होता, नाव माओ झेडाँग. जी अक्षरे शतकानुशतके चीनमधून जपानला येत होती, त्यांचा प्रवास आता उलट दिशेने सुरू झाला होता.

१९०९ साली कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. संघ पाठवायचा तर देशात संस्था हवी. १९११ साली त्यांनी ती काढली आणि तिच्या नावात त्यांनी स्पर्धेचा किंवा खेळाचा शब्द न घालता ‘ताइइकु’ घातला : दाइ निप्पोन ताइइकु क्योकाइ. पदके ही फळे. मूळ काम साऱ्या जनतेचे शरीर वाढवण्याचे, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला दोनच खेळाडू गेले. धावपटू मिशिमा याहिको, आणि मॅरेथॉनसाठी कानाकुरी शिझो. कापडी ‘ताबी’ घालून धावणारे कानाकुरी त्या दिवशीच्या भयंकर उन्हात वाटेतच कोसळले आणि न सांगता परतले. १९६७ साली स्वीडनने त्यांना बोलावून शर्यत पुरी करायला लावली. वेळ नोंदवली गेली : ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद.

या शब्दात मुलींना जागा मिळायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या निकाइदो तोकुयो यांनी १९२२ साली तोक्योत मुलींसाठी व्यायामशिक्षणाची स्वतःची शाळा काढली. ओकायामाकडची हितोमी किनुए ही उंच, शिडशिडीत मुलगी तिथे शिकली. १९२८च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या उपांत्य फेरीत ती हरली. रिकाम्या हाताने घरी जायचे नाही म्हणून, स्पर्धेत पूर्वी कधीही न धावलेल्या ८०० मीटरच्या शर्यतीत तिने नाव दिले आणि रौप्यपदक आणले. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली जपानी स्त्री. १९३१ साली ती अवघ्या चोविसाव्या वर्षी गेली.

मोजपट्टीचे राज्य

हितोमीच्या पदकाच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९२८ रोजी, नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने रेडिओवरून सकाळचा व्यायाम सुरू झाला. त्यामागे टपालखात्याचा विमा विभाग होता. अमेरिकेतली एक विमा कंपनी रेडिओवरून व्यायाम शिकवते, हे त्यांच्या अधिकाऱ्यांनी पाहिले होते. विमाधारक निरोगी राहिला तर दोघांचेही भले, असा साधा विचार. पियानोचे सूर, मोजणीचा आवाज आणि तीन मिनिटांच्या हालचाली. ‘राजिओ ताइसो’ पाहता पाहता घराघरांत गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली मुले पहाटे एकत्र जमून तो करू लागली. त्यात आनंद होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण एकाच घटकेला, एकाच आवाजावर सारा देश हात वर करतो, हे दृश्य सत्ताधाऱ्यांच्याही डोळ्यांत भरले.

१९३०च्या दशकात लष्कर बेचैन होते. भरतीच्या तपासणीत नापास होणाऱ्या तरुणांचे प्रमाण वाढत होते आणि क्षयरोग तर ऐन तारुण्यातली माणसे नेत होता. लष्कराच्या आग्रहातून जानेवारी १९३८मध्ये लोककल्याण मंत्रालय स्थापन झाले. त्याच्या विभागांत पहिला मान ज्याला मिळाला, तो होता ‘ताइर्योकु’ विभाग. ताइर्योकु म्हणजे शरीराची ताकद. वाढवण्याच्या अक्षराची जागा बळाच्या अक्षराने घेतली. १९३९ साली पंधरा ते पंचवीस वयाच्या तरुणांसाठी ताकदीची परीक्षा सुरू झाली : १०० मीटर धाव, २००० मीटर धाव, लांब उडी, बारवर शरीर वर ओढणे, ओझे घेऊन पळणे आणि हातबाँब फेकणे. जो ज्या प्रतीचा ठरेल, त्याला त्या प्रतीचा बिल्ला. एप्रिल १९४०मध्ये ‘राष्ट्रीय शरीरबल कायदा’ झाला. तरुणांची तपासणी सक्तीची झाली आणि प्रत्येकाच्या हाती वही आली, तिच्यात त्याच्या शरीराचे आकडे. शरीर आता राष्ट्राच्या मालमत्तेत जमा झाले होते.

कानोंनी ही घसरण पुरती पाहिली नाही. १९३६च्या जुलैअखेर बर्लिनमध्ये, तिथल्या ऑलिंपिकच्या आदल्या दिवशी, १९४०चे ऑलिंपिक तोक्योला देण्याचे ठरले. त्याच बर्लिनमध्ये त्या ऑगस्टमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखवले. कानोंच्या नशिबी ते यजमानपद नव्हते. कैरोच्या बैठकीहून परतताना ४ मे १९३८ रोजी ‘हिकावा मारू’ या जहाजावर त्यांचे निधन झाले. जुलैत जपानने ऑलिंपिक सोडून दिले. चीनमधल्या युद्धाला पोलाद हवे होते.

१९४१ साली शाळेतल्या तासाचे नाव ‘ताइरेन’ झाले. ‘रेन’ या अक्षराच्या डाव्या बाजूला धातूची खूण असते; भट्टीत तापवून, ठोकून धातू कसाला लावणे हा त्याचा अर्थ. बाळाच्या जागी लोखंड आले. दुसऱ्या वर्षी कानोंच्या संस्थेचीही सरकारने पुनर्रचना केली आणि पंतप्रधान तोजो तिचे अध्यक्ष झाले. मेइजी मंदिराच्या नावाने भरणाऱ्या राष्ट्रीय क्रीडामेळ्याच्या नावातूनही ‘ताइइकु’ गेला आणि कसाला लावण्याच्या अर्थाचे ‘रेन्सेइ’ आले. ही शब्दांची अदलाबदल कुणी कारकुनाने सहज केलेली नव्हती. ज्यांनी ती केली, त्यांना दोन अक्षरांतला फरक पक्का ठाऊक होता.

राखेतून

ऑगस्ट १९४५मध्ये सगळे संपले. नोव्हेंबरात शाळांतून ज्युदो, केन्दो यांसारख्या विद्यांवर बंदी आली. पुढे रेडिओवरचा व्यायामही काही काळ बंद पडला. तो आजच्या रूपात सुरू झाला १९५१ साली. पण १९४६ सालीच, लोक रताळ्यांवर दिवस काढत असताना, बाँबहल्ल्यातून बऱ्याच अंशी वाचलेल्या क्योतोत आणि आसपासच्या भागात देशभरचे खेळाडू जमले. खेळाडूंनी आपापले तांदूळ बरोबर आणले होते. मेळ्याचे नाव होते राष्ट्रीय ‘ताइइकु’ मेळा. पुढच्या वर्षी शाळेच्या वेळापत्रकातही ‘रेन’ पुसले गेले आणि ‘इकु’ आले. सत्तर वर्षे पुस्तकांत आणि संस्थांच्या नावांत वावरलेल्या शब्दाला मुलांच्या वर्गात अखेर जागा मिळाली.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणे नव्हते. १९५२ साली हेलसिंकीत जपानला एकच सुवर्णपदक मिळाले, फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात. पैलवानाचे नाव इशिई शोहाची. त्याच गटात, त्याच मॅटवर कांस्यपदक घेणारा मल्ल कराडजवळच्या गोळेश्वरचा होता : खाशाबा जाधव. हरलेल्या जपानचे युद्धानंतरचे पहिले सुवर्ण आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक एकाच गटात, एकाच दिवशी मिळाले. दोघेही आपापल्या मातीतल्या जुन्या कुस्तीपरंपरांचे वारस होते, आणि दोघांच्याही मागे कुठल्या बिल्ल्याची सक्ती नव्हती.

१० ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्योत ऑलिंपिकची ज्योत पेटली. पेटवणारा तरुण साकाइ योशिनोरी ६ ऑगस्ट १९४५ रोजी, अणुबाँब पडला त्याच दिवशी, हिरोशिमा प्रांतात जन्मला होता. कानोंचे ज्युदो त्या वेळी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले. त्याच वर्षी शाळांत नव्या शारीरिक चाचण्या सुरू झाल्या आणि डिसेंबरात मंत्रिमंडळाने जनतेचे आरोग्य आणि ताकद वाढवण्याचे धोरण ठरवले. ‘ताइर्योकु’ हा शब्द परत आला होता, पण हातबाँब गेला होता. पुढच्या वर्षी यामासा कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याला ‘मानपोकेइ’, दहा हजार पावलांचे मापक, असे नाव दिले. आज पुण्या-मुंबईच्या बागांत मनगटावरच्या घड्याळात जो दहा हजारांचा आकडा लोक पुरा करतात, तो तिथून आला. १९६६ साली १० ऑक्टोबर ही सार्वजनिक सुट्टी झाली : ‘ताइइकुचा दिवस’.

दरम्यान या शब्दाने एक वेगळेच कामही अंगावर घेतले. जवळजवळ प्रत्येक शाळेत ‘ताइइकुकान’ असते, व्यायामाचा मोठा बंदिस्त हॉल. १९९५चा कोबेचा भूकंप, २०११ची त्सुनामी, अशा प्रत्येक संकटात बेघर लोक आधी तिथेच आसऱ्याला जातात.

शब्दाची पडती बाजू

या कहाणीत शब्दाचे गुणगान करून थांबता येणार नाही. युद्धानंतरच्या ‘ताइइकु’ने ‘रेन’ची सवय पूर्ण सोडली नाही. क्रीडामंडळांत वरच्या वर्गाचा शब्द शेवटचा, प्रशिक्षकाने हात उचलला तरी मान खाली, अशी रीत अनेक शाळांत टिकून राहिली. डिसेंबर २०१२मध्ये ओसाकातल्या एका विद्यालयाच्या बास्केटबॉल संघाच्या कप्तानाने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आपले जीवन संपवले. देश हादरला. पुढच्या वर्षी क्रीडासंस्थांनी एकत्र येऊन खेळातल्या हिंसेविरुद्ध जाहीरनामा काढला.

त्यानंतर नावे भराभर बदलली. २०१५ साली सरकारने खेळांसाठी स्वतंत्र विभाग काढला, त्याच्या नावात ‘स्पोर्ट्स’ आले. २०१८ साली कानोंच्या संस्थेने १९११पासून बाळगलेला ‘ताइइकु’ सोडला. २०२० साली सुट्टीचा ‘स्पोर्ट्स दिवस’ झाला आणि २०२४ साली सागा प्रांतात भरलेला राष्ट्रीय मेळाही नव्या नावाने भरला. कारण सांगितले गेले ते असे की ‘ताइइकु’मध्ये वरून शिकवल्याचा सूर आहे, तर ‘स्पोर्ट्स’मध्ये माणूस आपल्या खुशीने खेळतो. या म्हणण्यात तथ्य आहे. तरी शाळेच्या वेळापत्रकात हा शब्द अजून राखलेला आहे, आणि तो तिथेच राहावा असे मला मनापासून वाटते.

कारण खेळ ज्याला आवडतो तो खेळेलच. जे मूल धावताना मागे पडते, ज्याला संघात कुणी घेत नाही, ज्याचे वजन वर्गात हसण्याचा विषय होते, त्याच्यासाठी ‘स्पोर्ट्स’ या शब्दात फारशी जागा नाही. त्याच्यासाठी ‘इकु’ आहे. वाढवायचे म्हटले की जो कमी वाढला आहे त्याच्याकडे आधी पाहावे लागते. मोजायचे म्हटले की तोच सर्वांत खाली दिसतो, आणि ठोकून घडवायचे म्हटले की तोच आधी मोडतो.

महाराष्ट्रात या तासाला आपण ‘शारीरिक शिक्षण’ म्हणतो, बोलताना ‘पी.टी.’. दहावीच्या वर्गात तो तास गणिताला किंवा सराव परीक्षेला दिला जातो, हे कुठल्या पालकाला नवे नाही. आणि जिथे तो घेतला जातो, तिथे बहुतेक वेळ चपळ मुलांचा संघ निवडण्यात जातो. कोन्दो चिन्झो यांनी १८७६ साली जे अक्षर निवडले, त्यात आपल्यासाठी एक साधी कसोटी आहे. या तासानंतर वर्गातल्या सर्वांत अशक्त मुलाच्या शरीरात काही भर पडली का? शाळेच्या तपासणीत, पालकसभेत, व्यायामशिक्षकाच्या नेमणुकीत हा एक प्रश्न विचारला जाऊ लागला, तर त्या तासाला कुठलेही नाव दिले तरी चालेल. आणि हा प्रश्न विचारला जात नसेल, तर वेळापत्रकात कितीही सुंदर शब्द छापला तरी तो तास त्या मुलाचा होणार नाही.